सालामांकेंतील पहिली यत्ता

स्पेनची राजधानी माद्रिद सोडून आगगाडी वायव्येकडे निघाली म्हणजे प्रथम मोठमोठ्या खडकांनीं भरलेला डोंगराळ मुलूख लागतो. मग आविला शहराचा प्रचंड तट दुरून दर्शन देतो. आणि त्यानंतर गव्हाचीं सपाट रानें दोन्ही बाजूंना पसरत जातात. सुमारें २०० किलोमीटरांचा हा प्रवास संपतो तेथें, तोर्मेस नदीच्या कांठीं, सालामांका हें शहर उभें आहे. जुनें शहर जवळच्याच खाणींतील एका मऊ वालुकाश्मानें बांधलेलें आहे. हा दगड खाणींतून निघतो तेव्हां फिकट असतो; परंतु त्यांतील लोहाचा अंश हवेनें तांबूस होत जातो, आणि शतकें लोटतात तसतसा भिंतींना सोन्याचा वर्ख लावल्यासारखा रंग चढतो. सायंकाळचें ऊन्ह चर्चच्या मनोऱ्यांवर व त्यांवर घरटीं करून राहिलेल्या करकोच्यांवर पडलें म्हणजे सारें शहर आंतून उजळल्यासारखें दिसतें. १९८८ सालीं ह्या जुन्या शहराची गणना जागतिक वारशांत झाली, ती योग्यच होय.

परंतु सालामांकेची खरी कीर्ति दगडांवर नसून विद्येवर उभी आहे. येथील विद्यापीठ लेओनचा राजा नववा आल्फोन्सो यानें १२१८ सालीं स्थापिलें. त्या वेळीं आपल्याकडे देवगिरीस यादवांचें राज्य होतें, आणि ज्ञानेश्वरी लिहिली जाण्यास अद्याप ७२ वर्षें अवकाश होता. स्पेनमधील चालू विद्यापीठांत हें सर्वांत जुनें. फ्राय लुईस दे लेओन ह्या सोळाव्या शतकांतील कवि-पंडिताचें व्याख्यानगृह येथें जसेंच्या तसें राखून ठेवलें आहे. तेथील बांकें म्हणजे नुसत्या ओबडधोबड तुळया. त्यांवर विद्यार्थ्यांनीं कोरलेलीं अक्षरें अजून दिसतात. विद्यापीठाच्या दर्शनी भिंतीवरील दाट कोरीव कामांत एका कवटीवर एक चिमुकला बेडूक बसलेला आहे. जो तो कोणाच्या साहाय्यावांचून हुडकून काढील तो परीक्षेंत हटकून उतरतो, अशी विद्यार्थ्यांची समजूत आहे. त्यामुळें सकाळपासून रात्रीपर्यंत देशोदेशींची तरुण मंडळी त्या भिंतीखालीं माना वर करून उभी असते.

वेदविद्येसाठीं काशी, तशी स्पॅनिश भाषेच्या नवशिक्यांसाठीं सालामांका, असें म्हटल्यास फारशी अतिशयोक्ति होणार नाहीं. ही भाषा आज २० स्वतंत्र देशांची राजभाषा आहे, आणि ती जन्मतः बोलणाऱ्यांची संख्या पन्नास कोटींच्या आसपास आहे. ती शिकण्याकरितां जपानी, जर्मन, चिनी, अमेरिकन असे विद्यार्थी येथें बारा महिने येत असतात. ह्यांत कांहीं काव्यात्म न्यायहि आहे. स्पॅनिश भाषेचें पहिलें व्याकरण १४९२ सालच्या ऑगस्टांत ह्याच शहरीं छापून निघालें. त्याचा कर्ता आंतोनियो दे नेब्रिहा हा ह्याच विद्यापीठाचा विद्यार्थी व पुढें अध्यापक. लॅटिनचें व्याकरण असतें, बाजारांतल्या बोलीचें कसलें व्याकरण, असें मानण्याच्या त्या काळीं त्यानें लोकभाषेला शास्त्राची वस्त्रें नेसविलीं. आपल्याकडे दादोबा पांडुरंगांचें मराठी व्याकरण १८३६ सालीं निघालें, हें येथें सहज आठवतें. नेब्रिहाच्या ग्रंथाचे भाग पांच; आणि त्यांतील पांचवा भाग खास परकीयांसाठीं, म्हणजे ज्यांची मातृभाषा निराळी आहे व ज्यांना ही भाषा नव्यानें शिकावयाची आहे अशांसाठीं, लिहिलेला आहे. पांचशें वर्षांपूर्वीं त्या पंडिताला नवशिक्याची आठवण झाली, ही गोष्ट मला त्याच्या पांडित्यापेक्षांहि मोठी वाटते.

मी ह्या शहरीं गेलें ती केवळ प्रेक्षणीय स्थळें पाहण्यासाठीं नव्हे. माझ्या थोरल्या कन्येचें सासर स्पेनमध्यें आहे. विवाहाच्या वेळीं दोन्ही कुटुंबांत तिनें व जांवयांनीं दुभाष्याचें काम केलें, आणि हंसण्याखेळण्यांत तें निभावूनहि गेलें. पुढें तिचे सासरे वारले. विहीणबाईंना स्पॅनिशखेरीज दुसरी भाषा येत नाहीं. आजकाल खिशांतलें यंत्र क्षणांत भाषांतर करून देतें, हें खरें. परंतु ज्या बाईचें चाळीस वर्षांचें सौभाग्य गेलें तिच्यापुढें यंत्र धरून सांत्वन करणें मला प्रशस्त वाटेना. तेव्हां तिच्या भेटीस जाण्यापूर्वीं चार आठवडे सालामांकेंत राहून निदान चार वाक्यें स्वतःच्या तोंडानें बोलतां येतील इतपत तयारी करावी, असें ठरविलें. शाळा लहानशी होती. वर्गांत सर्व वयांचीं माणसें होतीं. आणि इंग्रजीचा एकहि शब्द उच्चारावयाचा नाहीं, असा शिक्षिकेचा दंडक होता. ह्या चार आठवड्यांत नवशिक्याच्या अंगीं कोणकोणतीं कौशल्यें येतात व तीं कोणत्या क्रमानें येतात, हें जवळून पाहावयास मिळालें.

सर्वांत आधीं शिकतो तो कान. पहिल्या दिवसांत ही भाषा नळाच्या धारेसारखी अखंड ऐकूं येते. एक शब्द कोठें संपला व दुसरा कोठें सुरू झाला याचा पत्ता लागत नाहीं. ‘लोस आमिगोस’ म्हणजे ‘मित्रमंडळी’ हे दोन शब्द पुस्तकांत निराळे असतात. बोलणाऱ्याच्या तोंडीं मात्र ‘लोसामिगोस’ असा एकच शब्द होतो. संस्कृत शिकलेल्याला यांत नवल वाटण्याचें कारण नाहीं. हा संधीचाच प्रकार. आणि नवशिक्याच्या कानाला जें पहिलें काम करावें लागतें तें पदच्छेदाचें. अर्थ मागाहून येतो. आधीं धारेचे थेंब वेगळे व्हावे लागतात.

ह्या कर्णशिक्षणाची खरी शाळा वर्गांत नसून बाजारांत आहे. शहराच्या मध्यभागीं ‘प्लासा मायोर’ हा भव्य चौक आहे. १७२९ ते १७५५ ह्या काळांत तो बांधला गेला. चारी बाजूंना कमानी, त्यांवर राजेरजवाड्यांचे व थोर पुरुषांचे मुखवटे, आणि उत्तरेकडील नगरगृहावर घड्याळ. ‘घड्याळाखालीं भेटूं’ असें म्हटलें कीं सालामांकेंत निराळा पत्ता सांगावा लागत नाहीं. ह्या चौकाला लागूनच मंडई आहे. तेथें आर्मुन्या भागांतील प्रसिद्ध मसूर व पेद्रोसिय्योचे बारीक हरभरे गोणींत भरलेले पाहून परदेशांत आल्याचें क्षणभर विस्मरण होतें. परंतु भाव विचारतांच परीक्षा सुरू होते. साठाला ‘सेसेंता’ व सत्तराला ‘सेतेंता’. दोहोंत फरक एका व्यंजनाचा. विक्रेती बाई तें व्यंजन झरकन् उच्चारून मोकळी होते, आणि नवशिक्याचा कान तेवढ्या एका स आणि त-साठीं टवकारलेला राहतो. आठवडाभर मंडईंत जावें, म्हणजे पुस्तकांतील अंकांच्या यादीनें जें साधत नाहीं तें साधतें.

नदीवरील रोमन पुलाच्या तोंडाशीं एक प्राचीन दगडी बैल आहे. १५५४ सालीं छापल्या गेलेल्या ‘लासारिय्यो दे तोर्मेस’ ह्या निनांवी कादंबरीमुळें तो अजरामर झाला आहे. त्या कथेंतील गरीब पोर एका आंधळ्या भिकाऱ्याचा वाटाड्या म्हणून शहराबाहेर पडतें. आंधळा त्याला सांगतो कीं, बैलाला कान लाव, आंत मोठा नाद ऐकूं येईल. पोर भाबडेपणानें कान लावतें, तोंच आंधळा त्याचें डोकें दगडावर आपटतो. आंधळ्याच्या सोबत्यानें सदैव सावध राहिलें पाहिजे, हा त्या दिवशींचा पाठ. परभाषेंत नवशिका हा थोडाबहुत आंधळा आणि थोडाबहुत तें पोर, असा दोन्ही असतो. त्याला डोळ्यांपेक्षां कानांवर अधिक भिस्त ठेवावी लागते, आणि एखादा टोला खाल्ल्यावांचून कान शहाणा होत नाहीं.

कानामागून जीभ. येथें मराठी माणसाचें भाग्य मोठें आहे. स्पॅनिशचे स्वर पांच, आणि ते आपल्या आ, ए, इ, ओ, उ यांसारखे स्वच्छ व स्थिर. तिचे त आणि द आपल्याप्रमाणेंच दंत्य. इंग्रज विद्यार्थी बिचारा त्यांचे ट व ड करीत बसतो. ‘पेरो’ म्हणजे ‘परंतु’ आणि ‘पेर्रो’ म्हणजे ‘कुत्रा’; हा दुहेरी र घोटण्यासाठीं वर्गांतील जपानी मुलगी रोज आरशापुढें उभी राहत असे, तर आपल्या ‘खर्र्‌कन’, ‘टर्र्‌कन’ म्हणणाऱ्या जिभेला त्याचें विशेष अप्रूप नाहीं. अडचण येते ती निराळ्या ठिकाणीं. ब आणि व यांच्या लेखनांत भेद, पण उच्चारांत मुळींच नाहीं, हें आपल्या जिभेला पटावयास वेळ लागतो. आणि कास्तील प्रांतांत ‘ग्रासियास’ म्हणजे ‘आभार’ ह्या शब्दांतील मधला स जिभेचें टोंक दातांमध्यें धरून काढतात, तो सरावानेंच साधतो. दक्षिण स्पेनच्या बऱ्याच भागांत व साऱ्या स्पॅनिश अमेरिकेंत मात्र तो साधा स-च असतो. तेव्हां नवशिक्यानें जेथें राहावें तेथील कान-जीभ धरावी, हें उत्तम.

डोळ्याचें शिक्षण त्यामानानें लवकर संपतें. लेखन उच्चाराला अनुसरून असावें असा नेब्रिहाचा आग्रह होता, आणि स्पॅनिशनें तो पुष्कळ अंशीं पाळला आहे. चार नियम कळले कीं न समजलेलें पानहि मोठ्यानें वाचतां येतें. बाळबोध लिपीची ज्याला संवय आहे त्याला हा घरचाच अनुभव. प्रश्नाच्या आरंभींहि उलटें प्रश्नचिन्ह लिहिण्याची चाल ही ह्या भाषेची विशेष शोभा. स्पॅनिश अकादमी १७१३ सालीं स्थापन झाली व तिनें १७५४ सालीं हें चिन्ह रूढ केलें. त्याचें कारण मराठी माणसाला चटकन् उमगतें. ‘तूं आलास’ हें विधान आणि ‘तूं आलास?’ हा प्रश्न, ह्यांत शब्द तेच व क्रमहि तोच; फरक फक्त आवाजाच्या चढाचा. स्पॅनिशमध्येंहि तसेंच. मग वाक्य वाचावयास घेण्यापूर्वींच आवाज चढवावयाचा आहे हें वाचणाऱ्याला कळावें, हा त्या चिन्हाचा हेतु.

आतां वाक्यरचना. माझ्या मतें सर्वांत महत्त्वाचा धडा येथें आहे. आपले सुशिक्षित लोक कोणतीहि युरोपीय भाषा शिकावयाची म्हटली म्हणजे ती इंग्रजीच्या दारांतून शिकूं लागतात. एक युरोपीय भाषा येते, तेव्हां दुसरी तिच्याच वाटेनें येईल, असा समज. परंतु ही वाट पुष्कळदां लांबची पडते. ‘मला संगीत आवडतें’ हें इंग्रजीला ‘मी’ कर्ता केल्यावांचून बोलतां येत नाहीं. म्हणून इंग्रजीभाषी विद्यार्थी स्पॅनिशमधील ‘मे गुस्ता ला मूसिका’ ह्या वाक्यापुढें आठ आठ दिवस अडून बसतात. मराठी माणसाला तेथें अडण्याचें कारणच नाहीं. ‘मे’ म्हणजे ‘मला’, ‘गुस्ता’ म्हणजे ‘आवडतें’. संगीत हाच कर्ता, आणि मी केवळ तें ज्याला आवडतें तो. ‘मी घर पाहतों’ परंतु ‘मी रामाला पाहतों’, हा भेद आपण नकळत पाळतों. स्पॅनिशहि निर्जीव कर्म तसेंच ठेवते व मनुष्यवाचक कर्मामागें ‘आ’ हा शब्द लावते. पेला फुटला असतां आपण ‘माझ्या हातून पडला’ असें म्हणतों. स्पॅनिश मनुष्यहि ‘से मे कायो’ म्हणतो, म्हणजे पेला आपला आपण पडला, मी फक्त त्या घटनेचा धनी. क्रियापदाच्या रूपांतच पुरुष कळत असल्यानें ‘मी’, ‘तूं’ हे शब्द गाळण्याची चाल दोहोंकडे सारखीच. विशेषणें नामाच्या लिंगाप्रमाणें बदलतात; आणि आपण तर तीन लिंगें सांभाळणारे लोक, तेथें दोनच आहेत.

आदरार्थी ‘उस्तेद’ हा शब्द ‘आपली कृपा’ अशा अर्थाच्या जुन्या संबोधनावरून झिजून झाला आहे, आणि बोलणें समोरच्याशीं असूनहि त्याचें क्रियापद तृतीय पुरुषी असतें. ‘भवान् गच्छति’ शिकलेल्याला हें समजावून सांगावें लागत नाहीं. उलट, इंग्रजीच्या आधारानें चालणाऱ्याला फसवे शब्द जागोजागीं भेटतात. ‘एक्सितो’ म्हणजे बाहेर जाण्याची वाट नव्हे, तर यश. ‘कोन्स्तिपादो’ म्हणजे मलावरोध झालेला नव्हे, तर पडशानें बेजार झालेला. आणि ‘एंबारासादा’ ह्या शब्दाचा अर्थ ओशाळलेली स्त्री असा घेऊन तो वापरणाऱ्या बाईचें लोक अभिनंदन करूं लागतात, कारण त्याचा खरा अर्थ गरोदर!

शब्दसंपत्तीच्या बाबतींतहि आपण अगदींच रिकाम्या हातानें जात नाहीं. पोर्तुगीजांच्या संगतीनें मराठींत आलेले पाव, चावी, पगार, बटाटा हे शब्द स्पॅनिशमध्यें ‘पान’, ‘य्यावे’, ‘पागार’ (म्हणजे पैसे देणें), ‘पाताता’ ह्या रूपांनीं भेटतात. दुसरी वाट त्याहून जुनी आहे. इ. स. ७११ पासून पुढें कित्येक शतकें स्पेनमध्यें अरबी बोलणाऱ्यांची सत्ता होती. त्यांच्या हातून आपली शर्करा तेथें ‘आसूकार’ झाली, नारंग ‘नारान्हा’ झालें, कर्पूर ‘आल्कान्फोर’ झाला आणि चतुरंगाचा ‘आखेद्रेस’ झाला. तिसरी वाट तर सर्वांत जुनी, संस्कृत व लॅटिन ह्या भाषाभगिनींच्या सामाईक माहेराची: सप्त व ‘सिएते’, अष्ट व ‘ओचो’, नव व ‘नुएवे’, दन्त व ‘दिएंते’.

स्पॅनिशचा एक विषय मात्र आपल्यालाहि कठीण जातो, आणि तो म्हणजे ‘असणें’ ह्या एका क्रियापदाऐवजीं असलेलीं दोन क्रियापदें, ‘सेर’ व ‘एस्तार’. सफरचंद ‘सेर’नें हिरवें म्हटलें तर तें हिरव्या जातीचें, ‘एस्तार’नें म्हटलें तर अजून कच्चें. मनुष्य ‘सेर’नें कंटाळा म्हटला तर कंटाळवाणा, ‘एस्तार’नें म्हटला तर कंटाळलेला. शिकवणारे सोयीसाठीं सांगतात कीं, कायमच्या गुणाला ‘सेर’, तात्पुरत्या स्थितीला ‘एस्तार’. वर्गांतील एका वृद्ध जर्मन गृहस्थांनीं ह्यावर शांतपणें विचारलें, “मग ‘मेलेला आहे’ ह्यास ‘एस्तार’ कां?” शिक्षिका क्षणभर थांबली व म्हणाली, “कारण ती स्थिति आहे; गुण नव्हे.” ‘एस्तार’चें मूळ लॅटिन ‘स्तारे’, आणि तें आपल्या ‘स्था’ धातूचें भावंड, हें ध्यानांत घेतलें म्हणजे उत्तर अधिकच पटतें. जें जसें उभें आहे, जेथें स्थित आहे, तें ‘एस्तार’.

ह्या सर्वांहून निराळें असें एक कौशल्य आहे, तें व्याकरणांत सांपडत नाहीं: संकोच सोडून मागतां येणें. पहिल्याच दिवशीं शिक्षिकेनें आम्हांकडून चार वाक्यें घोटून घेतलीं: ‘मला समजलें नाहीं’, ‘जरा सावकाश बोला’, ‘पुन्हा सांगा’, ‘ह्याला काय म्हणतात?’ ही चार वाक्यें म्हणजे नवशिक्याची झोळी. तीं उच्चारणें लहान मुलाला सोपें आणि पदवीधराला कठीण. कारण आयुष्यभर ज्यानें दुसऱ्यांना समजावून सांगितलें, त्याला आतां दर दोन वाक्यांनीं आपलें अज्ञान उघडें करावें लागतें. वर्गांत निवृत्त झालेल्या एक परिचारिका होत्या. ‘चमचा’ हा शब्द न आठवल्यास त्या निःसंकोचपणें ‘सूपाची वस्तु’ असें म्हणत व हातानें खूण करीत. त्यांची प्रगति सर्वांहून झपाट्यानें झाली. व्याकरणांत पहिला येणारा तरुण मात्र वाक्य निर्दोष झाल्याखेरीज तोंड उघडावयाचें नाहीं अशा हट्टानें महिनाभर बहुतेक मुकाच राहिला. युरोप परिषदेनें २००१ सालीं परभाषाज्ञानाच्या सहा पायऱ्या ठरवून प्रसिद्ध केल्या. त्यांतील पहिल्या पायरीच्या वर्णनांत एक मार्मिक अट आहे: समोरचा माणूस सावकाश बोलेल व साहाय्य करण्यास तयार असेल, तरच नवशिक्याला संभाषण साधेल. म्हणजे पहिल्या यत्तेचें अर्धें यश दुसऱ्याच्या सौजन्यावर अवलंबून असतें, हें शास्त्रालाहि मान्य आहे.

चार आठवडे संपले आणि मी विहीणबाईंकडे गेलें. जाण्याच्या आदल्या संध्याकाळीं शिक्षिकेला नात्यांचे शब्द विचारून घेतले होते. व्याही व विहीण ह्या नात्यांस इंग्रजींत एकशब्दी नांव नाहीं; स्पॅनिशमध्यें ‘कोन्सुएग्रो’ व ‘कोन्सुएग्रा’ असे नीट शब्द आहेत. ‘सुएग्रा’ म्हणजे सासू. लॅटिनमधून आलेला हा शब्द व आपली ‘श्वश्रू’ हीं एकाच कुळींचीं. ‘नुएरा’ म्हणजे सून, आणि ‘स्नुषा’ हें तिचें संस्कृत भावंड. ‘विउदा’ म्हणजे विधवा, हें तर सांगावयासहि नको. हजारों वर्षांपूर्वीं कोठेंतरी एका अंगणांत ज्या हांका मारल्या जात होत्या, त्यांचेच हे दोन दिशांना गेलेले प्रतिध्वनि. वहीच्या त्या पानाकडे पाहतांना ती परकी बाई मला परकी वाटेनाशी झाली.

त्यांनीं दार उघडलें तेव्हां मीं शिकलेलें वाक्य आदरार्थीं रूपांत उच्चारलें: ‘ले आकोंपान्यो एन एल सेंतिमिएंतो’. समाचारास गेलेल्यानें बोलावयाचें हें तेथील नेहमींचें वाक्य. शब्दशः अर्थ, ‘ह्या भावनेंत मी आपल्या सोबतीला आहें’. त्यांनीं माझे दोन्ही हात धरले आणि म्हणाल्या, “दे तू, मुखेर, दे तू.” म्हणजे, बाई, मला तूं म्हण. आपल्याकडे विहिणी जन्मभर एकमेकींना ‘अहो’च म्हणतात, म्हणून तें ‘तूं’ उच्चारतांना जीभ किंचित् अडखळली, परंतु अडखळूनहि तें निघालें. स्वयंपाकघरांत त्यांनीं आदल्या रात्रीं भिजवलेले हरभरे शिजवून ठेवले होते, आणि ‘सिन कार्ने’, मांसाशिवाय, हें त्यांनीं मला तीनदां बजावून सांगितलें. मग त्या बोलत राहिल्या. त्यांतील रुपयाचे चार आणे मला कळले असतील. ‘येथें’, ‘खुर्ची’, ‘रोज’, ‘वर्तमानपत्र’, ‘कॉफी’, असे शब्द धारेंतून वेगळे होऊन हातीं येत होते, आणि त्यांवरून एक माणूस रोज सकाळीं कोणत्या खुर्चींत कसा बसत असे हें चित्र हळूहळू उभें राहत होतें. शेवटीं त्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून त्या म्हणाल्या, “या नो एस्ता.” ‘आतां ते नाहींत.’ आपणहि गेलेल्या माणसाविषयीं असेंच म्हणतों. तेथें ‘एस्तार’च होतें, उभें असणें संपलें होतें. व्याकरणाचा तो प्रयोग मला ह्याहून चांगला कोणी समजावून देऊं शकलें नसतें. त्यावर उत्तर देण्याइतकी भाषा मला येत नव्हती, आणि तशी गरजहि नव्हती. आम्ही दोघी पुष्कळ वेळ तशाच बसून राहिलों.

पहिल्या यत्तेंतूनच सर्व मोठ्या गोष्टी निघतात, ह्याचें उदाहरण आपल्याच भूमींत आहे. १५७९ सालीं थॉमस स्टीफन्स नांवाचा एक इंग्रज जेझुइट गोव्याच्या किनाऱ्यावर उतरला. त्याला येथील लोकांची भाषा शून्यापासून शिकावी लागली. त्याच्याहि कानांत आपले शब्द प्रथम अखंड धारेसारखेच वाहिले असतील, आणि त्यालाहि कोणा साष्टीकर शेतकऱ्यानें वा शेणव्यानें तोच तोच शब्द सावकाश पुन्हा सांगितला असेल. त्याच माणसाचें हजारों ओव्यांचें ‘क्रिस्तपुराण’ १६१६ सालीं मराठींत छापलें गेलें, आणि त्यानें लिहिलेलें कोंकणीचें व्याकरण त्याच्या मृत्यूनंतर, १६४० सालीं, रायतूर येथें प्रसिद्ध झालें. त्याच्या धर्मप्रसाराच्या हेतूविषयीं कोणाचें कांहींहि मत असो. ज्या भाषेंत तो एके काळीं पाणी मागावयास शिकला, तिच्यावर त्याचें मनापासून प्रेम जडलें होतें, ह्याविषयीं दुमत नाहीं.

असो. हल्लीं आपलीं कित्येक मुलें-मुली परदेशीं आहेत, आणि सुना-जांवई दूरदूरच्या घरांतून येत आहेत. अशा वेळीं घरांतील वडील माणसांनीं ‘आतां ह्या वयांत काय शिकावयाचें’ असें म्हणून मुकें पाहुणपण पत्करूं नये. सारी भाषा कोणालाच येत नाहीं. नवशिक्याला ती यावी लागतहि नाहीं. शब्द निवडणारा कान, न लाजणारी जीभ, मागण्याचा धीटपणा, आणि परक्या वाक्यांत आपल्या भाषेची ओळख शोधण्याची संवय, एवढी शिदोरी पहिल्या यत्तेंत मिळते. सालामांकेच्या भिंतीवरील बेडूक लाखों आकृतींच्या गर्दींत एकदां दिसला कीं पुन्हा नजरेआड होत नाहीं. परभाषेंतील आपलेपणाचेंहि तसेंच आहे. तें कोणी बोट करून दाखविलें तर खरें दिसत नाहीं. मान वर करून, थोडा वेळ उभें राहून, तें ज्याचें त्यानेंच हुडकावें लागतें.